पुण्यातलं हिप-हॉप आणि दुसरी चावडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका वस्तीत मी दर रविवारी मुलामुलींबरोबर लिखाणाचा वर्ग घेते. सुरुवात निबंध आणि पत्रलेखनाने झाली होती. पुढे मुलांनी वहीत रॅप, म्हणजे तालावर बोलून म्हणायच्या यमकाच्या ओळी, लिहायला घेतला आणि वर्ग त्यांच्या मागे गेला. तेव्हापासून पालक, प्राध्यापक, पत्रकार, मंडळांचे कार्यकर्ते, समाजशास्त्राचे विद्यार्थी असे अनेक जण येऊन साधारण तेच प्रश्न विचारतात. उभ्या उभ्या द्यावीत अशी ती उत्तरं नाहीत, म्हणून एकदा बसून लिहिली आहेत.

हिप-हॉप गटांना ‘काउंटरपब्लिक’ म्हणतात. म्हणजे काय?

गावात चावडी असते. तिथे गावाचे प्रश्न निघतात, वाद होतात, निर्णय होतात. पण चावडीवर कोण बसतं आणि कोण लांब उभं राहून ऐकतं, हे ठरलेलं असतं. ज्यांना तिथे बसू दिलं जात नाही ते गप्प बसत नाहीत. ते विहिरीवर, नाक्यावर, भजनात, कारखान्याच्या गेटवर आपली बोलायची जागा करतात. त्या जागेला स्वतःची भाषा येते, स्वतःचे विषय येतात, आणि हळूहळू मोठ्या चावडीला उलट प्रश्न विचारायची ताकदही येते. तेच काउंटरपब्लिक.

अभ्यासाच्या भाषेत सांगायचं तर युर्गेन हाबरमास या जर्मन विचारवंताने १९६२ मध्ये युरोपातली कॉफीगृहं, वर्तमानपत्रं आणि त्यांतून घडलेलं लोकमत यांवर लिहिलं. नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९९० मध्ये त्यावर हरकत घेतली. त्या चर्चेत बायका, कामगार, काळे लोक नव्हते. त्यांनी आपल्या वेगळ्या जागा उभ्या केल्या, असं त्या म्हणाल्या. अशा जागा दोन कामं करतात: आत बसून सावरायला, विचार करायला जागा देतात, आणि बाहेर जाऊन भांडायची तयारी करून घेतात. मला हे म्हणणं फार महत्त्वाचं वाटतं, कारण रविवारच्या वर्गात मी ही दोन्ही कामं होताना बघते.

मराठीत यासाठी जड पारिभाषिक शब्द आहेत. मी ‘दुसरी चावडी’ म्हणते, कारण तो मुलांच्या आयांनाही लगेच कळतो.

पण पुण्याचा याच्याशी काय संबंध? हे सगळं बाहेरून आलेलं नाही का?

संगीत बाहेरून आलं. दुसरी चावडी मात्र पुण्यात दीडशे वर्षं जुनी आहे, आणि ते कळायला ‘सार्वजनिक’ हा एकच शब्द धरून बसलं तरी पुरतं.

पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली. सरकारदरबारी लोकांची गाऱ्हाणी मांडणारी ती मोठी संस्था होती, पण तिथे बोलणारे बहुतेक शिकलेले, वरच्या जातींचे, प्रतिष्ठित लोक होते. तीनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ ला, याच शहरात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. शेतकरी, माळी, कुणबी, महार, मांग ज्यात नाहीत ते सार्वजनिक कसं, हा त्यांचा सवाल होता. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ हे पत्र सुरू केलं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं, तेव्हा फुल्यांनी नकाराचं पत्र लिहिलं. शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मनापासून देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. काउंटरपब्लिक या शब्दाची इतकी स्वच्छ व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही.

आणि फुल्यांनी तो शब्द सोडून दिला नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये आलेल्या शेवटच्या ग्रंथाच्या नावातच ‘सार्वजनिक’ आहे. त्यांनी तो शब्द परत मागून घेतला. मुलांना मी हे सांगते तेव्हा एखादा हमखास म्हणतो, “म्हणजे मॅडम, हा डिस ट्रॅकच होता की.” डिस म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उद्देशून केलेला सवाल-रॅप. तुलना अपुरी आहे, पण दिशा बरोबर आहे.

हिप-हॉप मुळात कुठून आलं?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या भरवस्तीतून क्रॉस-ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग काढला गेला आणि हजारो कुटुंबं उठवली गेली. जे उरले त्यांत काळे आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब लोक जास्त होते. घरं मोडकळीला आली, नोकऱ्या गेल्या, अनेक इमारती जळाल्या. त्या भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या कपड्यांना पैसे जमवायला पार्टी ठेवली. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. जमैकाहून आलेला हा मुलगा डीजे कूल हर्क नावाने ओळखला जातो. गाण्यातला जो तुकडा नुसता तालाचा असतो त्यावर लोक सगळ्यात जास्त नाचतात, हे त्याने हेरलं, आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन रेकॉर्ड प्लेअरवर ठेवून तो तुकडा लांबवत नेला. त्या तालावर लोक नाचू लागले, त्याच तालावर माइक धरून बोलू लागले.

डीजे, एमसी (माइकवर रॅप करणारा), ब्रेकिंगचा नाच आणि भिंतीवरची ग्राफिटी हे हिप-हॉपचे चार खांब मानले जातात. पुढे ‘ज्ञान’ हा पाचवा धरला गेला: आपण कोण, कुठून आलो हे माहीत असणं.

रस्त्यासाठी, नाल्यासाठी घर जाणं म्हणजे काय हे पुण्यात समजावून सांगावं लागत नाही. २०२१ च्या जूनमध्ये आंबिल ओढ्याकाठची घरं पाडली गेली तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या वर्गातल्या एका मुलीची मामी तिथे राहायची. ब्रॉन्क्सची गोष्ट सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, “मग त्यांचं सामान कुठं ठेवलं त्यांनी?” आणि मी त्या दिवशी पुढचं काही शिकवू शकले नाही.

सायफर म्हणजे काय? नुसतं गोल उभं राहून रॅप करण्यात ‘सार्वजनिक’ काय आहे?

सायफर म्हणजे रिंगण. मधे बीट, म्हणजे ताल, वाजते, कोणी एक जण बोलतो, त्याचं झालं की पुढचा. मंच नसतो, खुर्च्या नसतात, सूत्रसंचालक नसतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात फक्त वेळेचा फरक असतो: आत्ता ऐकतोय तो दोन मिनिटांनी बोलणार असतो. मला सगळं ‘सार्वजनिक’ इथेच दिसतं.

एक प्रसंग सांगते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वस्तीच्या समाजमंदिराच्या ओट्यावर दहा-बारा जण जमले होते. ब्लूटूथ स्पीकरचं चार्जिंग संपलं, तेव्हा एकाने पाण्याच्या रिकाम्या जारवर ताल धरला आणि दुसऱ्याने तोंडाने बीटबॉक्स सुरू केलं. घरोघर पार्सल पोचवायचं काम करणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कामावरून थेट आला होता, रेनकोट अजून अंगावरच. तो म्हणाला:

मॅप म्हणतो रस्ता संपला, इथून पुढं काय नाय
इथून पुढं चारशे घरं, माझी आजी, माझी माय

सगळे ओरडले. रॅपमध्ये ओळ लागली की लोक तशी दाद देतात, आणि ‘परत, परत’ म्हणतात. त्याने परत म्हटलं. तेवढ्यात ओट्याच्या कडेला बसलेली नववीतली मुलगी, जी तोपर्यंत फक्त ऐकायला येत होती, तिथूनच बोलली:

चारशे घरं मोजलीस भावा, नळ मोजलेस का किती?
दोन नळांवर चारशे हंडे, पहाटे चारची भीती

जार वाजवणाऱ्याचा हात थांबला. मुलगा काही क्षण तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हे मला माहीतच नव्हतं. पाणी आई भरते.” पुढच्या रविवारी त्याने आपलं गाणं बदलून आणलं आणि तिच्या दोन ओळी, तिला विचारून, त्यात घेतल्या. महिन्याभराने वस्तीतल्या बायका पाण्यासाठी निवेदन द्यायला गेल्या तेव्हा त्याच दोन ओळी पुठ्ठ्यावर लिहिलेल्या होत्या. तिसरा नळ अजून आलेला नाही.

या प्रसंगात मोठ्या चावडीला सवाल आहे, नकाशाला सवाल आहे. पण त्याआधी रिंगणातल्या मुलीने रिंगणातल्याच मुलाला सवाल केला, आणि त्याने तो ऐकून घेतला. फक्त वरच्यांना शिव्या घालणारा आणि आतल्या माणसाला उत्तर देऊ न देणारा गट कितीही बंडखोर दिसला तरी मी त्याला दुसरी चावडी म्हणणार नाही.

रॅप म्हणजे नवा पोवाडाच ना?

असं म्हटलं की कार्यक्रमाच्या प्रस्तावनेला बरं पडतं, पण दोन्ही वेगळे आहेत.

नातं नक्की आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात डफावर सवाल-जवाब रात्र रात्र चालायचे. समोरच्याचा सवाल ऐकून तिथल्या तिथे जवाब बांधायचा, यात आणि रॅप बॅटलमध्ये फार अंतर नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेतला आणि गण-गौळणीच्या जागी नवा विचार आणला. आंबेडकरी जलशांनी भीमराव कर्डकांपासून ती वाट पुढे नेली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पुण्यातच २००२ साली, गुजरातच्या दंगलींनंतर, कबीर कला मंच उभा राहिला. गाणारा गट हा बोलणारा गट असतो, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगायची गरज नाही.

फरक आवाजात आहे. शाहीर ‘आम्ही’ म्हणून उभा राहतो, त्याच्यामागे झीलकरी असतात. रॅपर ‘मी’पासून सुरू करतो: माझं नाव, माझी गल्ली, माझी बोली. तो ‘मी’ अनेकांना उर्मट वाटतो. पण ज्याचं नाव शाळेच्या हजेरीपलीकडे कोणी मोठ्याने घेतलं नाही, त्याने माइकवर आपलं नाव तीनदा घेणं ही मला मोठी गोष्ट वाटते. ‘आम्ही’ त्यानंतर येतो.

दुसरा फरक तालाचा. बहुतेक रॅप चार मात्रांच्या ठोक्यावर, सोळा-सोळा बारांच्या कडव्यांत बांधलेला असतो. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा. यमक ओळीच्या शेवटी थांबत नाही, मधेही येतं. मराठीला ते सहज जमतं, कारण ओवीपासून आपल्याला आतल्या यमकाची सवय आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून आणायला सांगते. सात-आठ जणच आणतात, पण त्यांच्या फ्लोमध्ये, म्हणजे शब्द तालावर वाहते ठेवण्यात, फरक पडतो.

काळ्या अमेरिकनांची कला आपण उचलायची, ही नक्कल नाही का?

नक्कल होऊ शकते, आणि पुष्कळदा होतेही. गळ्यात साखळी, न पाहिलेल्या रस्त्यांची गाणी, आणि काळ्या लोकांसाठी वापरली जाणारी ती शिवी. ती शिवी आमच्या रिंगणात चालत नाही. ज्यांनी ती सोसली त्यांनी तिचं काय करायचं ते ठरवावं, आपण नाही.

पण देवाणघेवाण जुनी आहे आणि आदराची आहे. १८७३ मध्येच आलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ फुल्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. हर्कच्या पार्टीच्या बरोबर शंभर वर्षं आधी. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि राज्यभर खळबळ उडाली. ज्या शहराला हा वारसा आहे, तिथल्या वस्तीतल्या पोराने ब्रॉन्क्सकडे बघणं मला अजिबात परकं वाटत नाही. त्याने फुल्यांकडेही बघावं, एवढं मात्र मी भांडून सांगते.

गटच का? एकटा रॅपर मोबाइलवर गाणं टाकू शकतो की.

टाकू शकतो. पण एकाकडे माइक असतो, एकाकडे लॅपटॉप, एकाला व्हिडिओ कापता येतो, एकाच्या घरात दुपारी शांतता असते. आमचा स्टुडिओ म्हणजे एका मुलाच्या घरातलं गोदरेजचं कपाट: दार उघडं, आत माइक, भोवती दोन गोधड्या, आणि पंखा बंद. शेजारच्या काकू कुकर लावायच्या आधी विचारतात, “झालं का रे रेकॉर्डिंग?”

गटाचं खरं काम मात्र ओळी खोडण्याचं आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो, इतर जण आपापल्या भाषांत. २०१९ मध्ये त्यांनी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत जंगल-जमिनीवर गाणं केलं. ज्याची जमीन तो गाण्यात हजर होता. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने गाना हा तिथल्या वस्त्यांचा गानप्रकार, रॅप आणि रॉक एकत्र आणला, आणि २०१८ च्या जानेवारीत पहिला मोठा कार्यक्रम केला. जातीचा विषय त्यांनी बाजूला ठेवला नाही, नावातच घेतला. एकट्याला एवढं धाडस होत नाही, आणि एकट्याची चूक कोणी दाखवतही नाही.

इतक्या शिव्या कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मुलं चिडतात. मी चिडत नाही, कारण मलाही त्यातल्या काही ऐकवत नाहीत.

वस्तीत शिवी ही रोजची भाषा आहे, आणि ‘आधी नीट बोला, मग ऐकू’ ही अट गरिबांनाच घातली जाते. अमेरिकेत १९९० मध्ये एका न्यायालयाने ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाचा अल्बम अश्लील ठरवला होता. १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. शिवीवर बोट ठेवून आख्खं म्हणणं बाद करणं सोपं असतं.

तरी आमच्या रिंगणात एक नियम मुलींनी घालून दिला आहे. शिवी देताना विचारायचं: ही लागते कुणाला? भ्रष्ट कंत्राटदाराला आईवरून दिलेली शिवी कंत्राटदाराला लागत नाही, ती ओट्यावर बसलेल्या बायकांना लागते. हा नियम लागू झाल्यापासून काही मुलं यायची बंद झाली. काही थांबली आणि त्यांना कंत्राटदाराला लागेल असं काहीतरी शोधावं लागलं. टेंडरचे आकडे, पाइपाची जाडी, फलकावरची तारीख. त्यांचं लिखाण त्यामुळे फार सुधारलं.

मुली कुठे आहेत?

कमी आहेत, आणि हा आमचा दोष आहे. बाहेर बसवलेल्यांनी केलेल्या जागेतही कोणाला तरी बाहेर बसवलं जातं, हे फ्रेझर यांनीही नोंदवलं होतं.

इतिहासात त्या कमी नव्हत्या. पहिली पार्टी सिंडीची होती. १९७९ मध्ये रॅप पहिल्यांदा घराघरांत पोचवणारं शुगरहिल गँगचं गाणं आणि १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि साथीदारांचं ‘द मेसेज’, दोन्हींमागे सिल्व्हिया रॉबिन्सन ही निर्माती होती. आणि पुण्यात तर १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता; तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्माला, पेशवाईला, शहराला तिने थेट जाब विचारला. वर्गात तो निबंध वाचला तेव्हा नळाच्या ओळी म्हणणारी मुलगी म्हणाली, “ही माझ्याएवढीच होती?” तिने तो वहीत उतरवून घेतला.

कारणं बरीच साधी असतात. सायफर रात्री आठनंतर पुलाखाली असेल तर मुलगी येणार नाही. जवळ स्वच्छतागृह नसेल तर येणार नाही. शेवटची बस गेली असेल तर येणार नाही. आम्ही वेळ दुपारी चारवर आणली, जागा वस्तीतल्या ओट्यावर आणली, तेव्हा दोनाच्या सात झाल्या. यासाठी कुठलाही सिद्धान्त लागला नाही, घड्याळ बदलावं लागलं.

एमसी स्टॅन ‘बिग बॉस’ जिंकला, सिनेमे आले. आता हेच मुख्य प्रवाह झालं ना?

पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला रॅपर एमसी स्टॅन २०२३ च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’चा सोळावा मोसम जिंकला, तेव्हा आमच्या वस्तीत फटाके वाजले. त्याआधी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ या सिनेमाने मुंबईतला रॅप देशभर नेला होता. बाहेरच्या देशात केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरला २०१८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंगची स्पर्धा झाली.

मला याचं वाईट वाटत नाही. स्टॅनची पुणेरी वस्तीतली हिंदी-मराठी सरमिसळ टीव्हीवर ऐकून कितीतरी मुलांनी आपली बोली लपवणं सोडलं. पण त्याच्या महागड्या साखळ्यांची गाणीही त्याच मुलांनी पाठ केली, आणि घर चालवणाऱ्या आईपेक्षा बुटांचा भाव जास्त महत्त्वाचा वाटू लागला, हेही मी पाहिलं आहे. एखादा कलाकार मोठ्या चावडीवर जाऊन बसला म्हणजे दुसरी चावडी मोडत नाही. ओट्यावर उरलेली मुलं त्याच्यासारखं व्हायच्या घाईत एकमेकांना उत्तर द्यायचं विसरली, तर मात्र मोडते.

यांची मराठी शुद्ध नाही.

हा प्रश्न नाही, पण सगळ्यात जास्त वेळा हाच ऐकते. एका गल्लीत मराठवाड्याची मराठी, दखनी हिंदी, तेलुगू, कन्नड, कैकाडी बोलली जात असेल, तर त्या गल्लीचं गाणं तसंच असणार. ‘नाय’ आणि ‘व्हय’ ही मराठीच आहे. प्रमाण मराठी मुलांना यायला हवी, ती मी शिकवते, कारण अर्ज आणि परीक्षा तिच्यात असतात.

रॅप केला म्हणून पोलीस केस होऊ शकते का?

होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर राजकीय रॅपवरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात मुंबईच्या आणखी एका रॅपरवरही झाला, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात चित्रित केलेल्या रॅपवरूनही गुन्हा नोंदला गेला. या तिन्ही गाण्यांचा दर्जा आणि हेतू वेगवेगळा होता, पण शाळकरी मुलांपर्यंत पोचलेली भीती एकच होती. हे फक्त इथेच होतं असं नाही: १९८९ मध्ये एफबीआय या अमेरिकन तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याने एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या रेकॉर्ड कंपनीला पोलिसांविरुद्धच्या गाण्याबद्दल नाराजीचं पत्र पाठवलं होतं.

मुलांना मी एवढं सांगते. संविधानाच्या कलम १९(१)(क) ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. १९(२) मध्ये त्यावरच्या मर्यादा आहेत, त्या दोन्ही वाचा. नाव घेऊन आरोप करत असाल तर कागद हातात ठेवा. कोणाच्या जातीवर, धर्मावर, बाईपणावर ओळ नको. शस्त्र दाखवून व्हिडिओ नको. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नको. पोलिसांनी बोलावलं तर एकट्याने जाऊ नका, आधी मोठ्यांना आणि वकिलाला फोन करा. अटक झाली तर वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क कलम २२ ने दिलेला आहे. व्हिडिओ घाबरून लगेच काढून टाकू नका, आधी विचारा.

माझा मुलगा दिवसभर रॅप करतो. अभ्यासाचं काय?

मावशी, वही बघा त्याची. शब्द खोडून दुसरा लिहिलेला दिसला तर तो अभ्यासच करतोय. वही कोरी असेल आणि फक्त फोन चालू असेल तर त्याला रविवारी माझ्याकडे पाठवा.

आम्हाला हॉलमध्ये रॅपचा कार्यक्रम ठेवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

एकदा आम्ही एक सभागृह महिनाभर आधी ठरवलं होतं, पैसे भरले होते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ‘रॅप’ हा शब्द पत्रिकेवर दिसला आणि व्यवस्थापनाने दुरुस्तीचं कारण सांगून नकार कळवला. मुलं नवे शर्ट घेऊन बसली होती. त्या रात्री त्यांना काय सांगायचं हे मला सुचलं नाही.

म्हणून विनंती अशी. ठरवलं तर मागे हटू नका. भाषणांच्या मधली पंधरा मिनिटं भरायला त्यांना बोलावू नका, पूर्ण तास द्या. येण्याजाण्याचे आणि कामाचे पैसे द्या. रविवारी पार्सल पोचवणाऱ्या मुलाची दिवसाची कमाई बुडते. आधी माइक तपासायला वेळ द्या, कारण रॅपमध्ये शब्द कळला नाही तर काहीच कळत नाही. ओळी आधी ‘तपासायला’ मागू नका. विषयावर बोला, मतभेद असतील तर समोर सांगा. आणि कार्यक्रमानंतर प्रश्नोत्तरं ठेवा, ज्यात मुलांनाही तुम्हाला प्रश्न विचारता येतील.

संशोधनासाठी मुलाखती मिळतील का?

मिळतील. आधी तीन रविवार रेकॉर्डर न काढता या. प्रबंध झाला की मराठीतला सारांश आणून मुलांना वाचून दाखवा. ‘असं आम्ही म्हणालोच नव्हतो’ असं ते म्हणाले तर ती ओळ काढा.

ऐकायला यायचं असेल तर?

कोणाच्या तरी ओळखीने या, वस्ती आहे, तिथे लोक राहतात. चारला सुरू होतं, पाणी आलं तर अर्धा तास थांबतं, कारण मुली हंडे भरायला जातात. आता मुलंही जातात. फोटो काढायच्या आधी विचारा. रिंगणात उभं राहिलात तर तुमच्यावरही पाळी येईल. दोन ओळी बोला, यमक जुळलं नाही तरी चालतं. मागच्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी बीटवर आपल्या आईची ओवी म्हटली, दुसऱ्या ओळीला अडले, आणि रेनकोटवाल्या मुलाने हळूच जारवर ठेका धरून त्यांना परत पहिल्या ओळीवर आणलं.